किरकोळ गुन्ह्याची नोंद, नोकरी आणि वकिलीची सनद

न्यायालयाने निर्दोष सोडले किंवा थोडासा दंड भरून घेतला की फौजदारी प्रकरण संपले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करते. ही सनद हाती येण्यापूर्वी त्याच न्यायालयात मी काही वर्षे आरोपी क्रमांक चार म्हणून तारखांना उभी राहिलेली आहे. तेव्हापासून नोकरीच्या अर्जात, पोलिसांच्या चारित्र्य प्रमाणपत्रात आणि सनदेच्या प्रतिज्ञापत्रात त्या प्रकरणाची नोंद मला प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावी लागली. आज माझ्याकडे भरतीचा अर्ज घेऊन जी मुले येतात, त्यांतील अनेकांच्या मागे असेच एखादे भावकीचे प्रकरण असते आणि त्यांचा प्रश्नही एकच असतो: ‘हे लिहायचं का?’ त्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’ने देता येत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रकरण शेतरस्त्याचे होते. आमच्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट भावकीतल्याच एका कुटुंबाच्या गटातून जाते. २०१७ च्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर त्यांनी ती नांगरून टाकली आणि आमचा ट्रॅक्टर अडला. शब्दाला शब्द वाढला, ढकलाढकली झाली, एकाच्या हाताला खरचटले, आणि संध्याकाळी दोन्ही बाजू पोलीस ठाण्यात पोहोचल्या. आमच्याविरुद्धच्या फिर्यादीत माझे चुलते, माझे वडील, चुलत भाऊ आणि मी अशी चौघांची नावे आली. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जाणार होते. घरात जितकी माणसे, तितकी नावे फिर्यादीत घालायची, ही आमच्या भागातली रूढ पद्धत आहे. शिकणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव तर आवर्जून घातले जाते, कारण तिथे घाव बसतो हे फिर्याद देणाऱ्यालाही ठाऊक असते.

कलमे लागली ती भारतीय दंड संहितेची ३४१, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४, म्हणजे अटकाव, साधी दुखापत, अपमान, धमकी आणि समान उद्देश. यातली ३२३, ५०४ आणि ५०६ चा पहिला भाग ही कलमे अदखलपात्र होती, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नव्हते. नुसती तेवढीच लागली असती, तर ठाण्यात ‘एन.सी.’ म्हणजे अदखलपात्र नोंद करून प्रकरण बहुधा तिथेच थांबले असते. मात्र ३४१ दखलपात्र होते, आणि एक कलम दखलपात्र असले की सगळे प्रकरण दखलपात्र म्हणून चालते. ज्या ३४१ ला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा ५०० रुपये दंड एवढीच शिक्षा होती, त्याच कलमामुळे आमच्या नावावर गुन्हा रजिस्टर क्रमांक पडला. अटक झाली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ ची, म्हणजे अटकेऐवजी हजर राहण्याची, नोटीस मिळाली, जबाब झाले, पुढे दोषारोपपत्र गेले आणि समन्स आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी हीच कलमे तिथे अनुक्रमे १२६(२), ११५(२), ३५२ आणि ३५१(२) या क्रमांकांनी आहेत. त्यामुळे नव्या प्रकरणांतही गोष्ट फारशी वेगळी नाही.

त्या काळात मला पुण्यात नोकरी हवी होती. पदवी झाल्यावर एका खासगी कंपनीच्या अर्जात मला प्रश्न आला की, तुम्हाला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का. उत्तर ‘नाही’ होते आणि ते खरे होते. तिथे वर्षभर काम केल्यावर दुसऱ्या, अधिक पगाराच्या जागी निवड झाली. तिथल्या अर्जातला प्रश्न मात्र वेगळा होता: तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदवला गेला आहे का, किंवा एखादे फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का. मी ‘होय’ लिहिले आणि प्रकरण क्रमांकासह चार ओळींत हकीकत दिली. उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि तालुका टाकून शोध घेतात आणि तिथे माझे नाव पक्षकार म्हणून दिसत होतेच, त्यामुळे न लिहूनही ते कळले असते. कंपनीकडून दूरध्वनी आला, बोलणे अत्यंत सौजन्याचे होते, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली असल्याचे सांगण्यात आले आणि त्यानंतर काहीच कळवण्यात आले नाही. निवड का थांबवली याचे कारण खासगी कंपनीने उमेदवाराला दिलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही. निर्दोष सुटलेल्या किंवा खटला प्रलंबित असलेल्या माणसाला तेवढ्यावरून नाकारू नये, असाही सर्वसाधारण कायदा नाही. मला हे अन्यायाचे वाटते आणि ते मी इथे स्पष्टपणे नोंदवते.

या सगळ्यात कळीचा ठरला तो लोक अदालतीच्या सुमाराचा एक दिवस. किरकोळ प्रकरणे निकाली काढण्याची मोहीम होती आणि आमचेही प्रकरण त्या यादीत होते. आमची सगळी कलमे आपसांत मिटण्याजोगी होती आणि फिर्यादीने तडजोड केली असती, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच झाला असता. पण फिर्यादी तडजोडीला तयार नव्हते. दुसरा मार्ग समोर ठेवला गेला तो गुन्हा कबूल करण्याचा. बाकावर बसलेल्या दोघा-चौघांनी चुलत्यांना समजावले, ‘तात्या, किती वर्षं हेलपाटे घालता? होय म्हणा, दंड भरा, आजच मोकळे व्हा.’ आमच्या वकीलबाईंनी चौघांनाही बाजूला घेऊन सांगितले होते की कबुलीवर झालेला दंड ही शिक्षाच असते, ती दोषसिद्धी म्हणून कायम राहते आणि कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपीलही जवळजवळ उरत नाही; शिक्षा बेकायदा किंवा अवाजवी आहे एवढ्यापुरतेच ते करता येते. पण तात्यांचे वय झाले होते, हंगामाचे दिवस होते आणि चुलत भाऊ वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्या दोघांनी कबुली दिली आणि काही शे रुपयांचा दंड भरून पावत्या घेतल्या. मला कायद्याचे शिक्षण घ्यायचे होते म्हणून मी नकार दिला, आणि मुलीला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्याशी उभे करायचे नाही म्हणून वडीलही माझ्यासोबत राहिले.

इथे वकिलीतला एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे, कारण तो तालुक्याच्या न्यायालयांत फार कमी वेळा मांडला जातो. कबुली द्यायचीच असेल, तरी केवळ दंडाची मागणी करण्याऐवजी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाचा लाभ मागता येतो. कलम ३ प्रमाणे, पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर न्यायालय समज देऊन सोडू शकते. कलम ४ प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. या दोन कलमांखाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होणार नाही, असे कलम १२ सांगते. त्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या बक्षी राम प्रकरणात हे स्पष्ट केले आहे की, परिवीक्षेवर सुटका झाली म्हणून गेलेली नोकरी आपोआप परत मिळत नाही. तरीही अपात्रतेची तरतूद जिथे कायद्यातच लिहिलेली असते, तिथे हे कलम मोठा आधार ठरते. माझ्या भावासाठी त्या दिवशी असा अर्ज झाला असता, तर पुढे त्याची बाजू पुष्कळ बळकट राहिली असती.

आमचा खटला टाळेबंदीमुळे रेंगाळला आणि २०२१ मध्ये निकाल लागला. वडील आणि मी निर्दोष सुटलो. निकाल मराठीत होता. त्यातला माझ्याविषयीचा परिच्छेद मला आजही शब्दशः आठवतो: ‘आरोपी क्र. ४ हिने नेमके कोणते कृत्य केले, याबाबत एकाही साक्षीदाराने काहीही सांगितलेले नाही.’ या एका वाक्याचे महत्त्व त्या दिवशी मला पूर्णपणे उमगले नव्हते. संशयाचा फायदा देऊन झालेली सुटका आणि आरोप मुळातच सिद्ध होण्याजोगा नसल्यामुळे झालेली सुटका यांत नोकरी देणारे खाते फरक करते, आणि न्यायालयांनीही तो फरक मान्य केला आहे. दिल्ली पोलिसांच्या भरतीबाबतच्या २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ सुटका झाली एवढ्यावर उमेदवार पात्र ठरत नाही. ती कशी झाली हे खाते तपासू शकते. म्हणून खटला चालवताना निकालात आपल्या अशिलाच्या भूमिकेबद्दल स्पष्ट निष्कर्ष यावा, यासाठी युक्तिवादात तो मुद्दा स्वतंत्रपणे मांडून लेखी द्यावा, असे मी आता कटाक्षाने पाहते.

निकालानंतर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. अर्ज ऑनलाइन भरला, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, छायाचित्र आणि शुल्क ही सगळी पूर्तता सुरळीत झाली. अर्ज पडताळणीसाठी आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेला आणि प्रमाणपत्र आले, त्यात शेरा होता की अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल असून तो न्यायप्रविष्ट आहे. निकाल लागून काही महिने झाले होते. मी निकालाची प्रत घेऊन ठाण्यात गेले. गोपनीय विभागाचे काम पाहणारे हवालदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी गुन्ह्यांचे जाडजूड रजिस्टर उघडले, आमच्या क्रमांकावर बोट ठेवले आणि ते उजवीकडे सरकवत नेले. फिर्यादीचे नाव, आरोपींची चार नावे, कलमे, तपासी अंमलदार, दोषारोपपत्राची तारीख, सगळे भरलेले होते. शेवटचा, निकालाचा रकाना कोरा होता. ‘ताई, कोर्टातनं निकालाचं आलंच नाही तर आम्ही काय भरणार?’ ते म्हणाले. संगणकातली नोंदही त्याच रजिस्टरावरून झालेली असल्याने तिथेही खटला चालूच होता.

निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी हा कोरा रकाना सांगेन. न्यायालय निकाल देते, पोलिसांच्या अभिलेखात तो चढवण्याचे काम कोर्ट पैरवी अंमलदाराच्या, म्हणजे न्यायालयात पोलीस ठाण्याचे काम पाहणाऱ्या पोलिसाच्या, मार्फत व्हायचे असते, आणि तो दुवा कुठे तरी सुटतो. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो त्याला हे तेव्हाच कळते, जेव्हा एखादी नोकरी किंवा परवाना अडतो. मी न्यायालयात नक्कल अर्ज देऊन निकालाच्या प्रमाणित प्रती घेतल्या, एक प्रत विनंती अर्जासह ठाण्यात दिली आणि माझ्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय कोणताही अर्ज देऊ नये, एवढे मी वडिलांकडून शिकले होते. बरेच दिवस काही हालचाल झाली नाही, तेव्हा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह साधा प्रश्न विचारला: या गुन्हा क्रमांकासमोर निकालाची नोंद घेतली आहे का, घेतली असल्यास तिची प्रत द्यावी. कायद्यातली तीस दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच रकाना भरला गेला आणि त्या नोंदीची छायाप्रत मला मिळाली. मग नव्याने अर्ज करून दुसरे प्रमाणपत्र घेतले. त्यातही गुन्ह्याचा उल्लेख आहेच, पण पुढे न्यायालयाने निर्दोष मुक्त केल्याचा उल्लेख तारखेसह आहे.

हा उल्लेख पूर्णपणे काढता येतो का, असे मला पुष्कळजण विचारतात. प्रौढ व्यक्तीच्या नावावरील जुनी फौजदारी नोंद ठरावीक वर्षांनी पुसून टाकावी, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी मात्र २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ आहे. त्याप्रमाणे मुलाला दोषसिद्धीची अपात्रता लागू होत नाही आणि काही गंभीर प्रकरणे वगळता अपिलाची मुदत किंवा ठरवून दिलेला वाजवी काळ संपल्यावर अभिलेख नष्ट करण्याची तरतूद आहे. सतरा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांची मुलगी एकाच भांडणात असतील, तर एकाची नोंद नाहीशी होते आणि दुसरीची राहते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांच्या किरकोळ प्रकरणांसाठीही काही काळानंतर अशी सोय असावी, असे माझे ठाम मत आहे.

सनदेसाठी अर्ज करताना माझ्या मनात मोठी धास्ती होती. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम २४-अ मी अभ्यासक्रमात शिकले होते, पण स्वतःच्या अर्जाच्या वेळी ते अक्षर न् अक्षर पुन्हा वाचले. नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीची अधिवक्ता म्हणून नोंदणी होत नाही. सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ती अपात्रता संपते. आणि परिवीक्षा अधिनियमाखाली सोडलेल्या व्यक्तीला ती लागूच होत नाही. म्हणजे अपात्रतेसाठी दोषसिद्धी लागते आणि गुन्हाही विशिष्ट स्वरूपाचा लागतो. शेतरस्त्यावरच्या ढकलाढकलीत नैतिक अधःपतन कुठून येणार, असे कोणीही म्हणेल, पण कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही आणि प्रत्येक प्रकरणात तो प्रश्न नव्याने विचारला जातो.

काही हितचिंतकांनी मला सल्ला दिला की निर्दोष सुटली आहेस, आता त्या प्रकरणाचे नावही काढू नकोस. मी तो मानला नाही, त्यामागे कायद्याचे कारण होते. त्याच अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे, महत्त्वाच्या बाबतीत चुकीची माहिती देऊन किंवा फसवणुकीने नाव नोंदवून घेतले असल्याचे आढळल्यास, म्हणणे मांडण्याची संधी देऊन भारतीय विधिज्ञ परिषद ते नाव यादीतून काढून टाकू शकते. खरी माहिती दिल्याने फार तर नोंदणीला उशीर झाला असता. लपवल्यावर मात्र पंधरा वर्षांच्या वकिलीनंतरही कोणीतरी तक्रार करू शकले असते. मी प्रतिज्ञापत्रात प्रकरणाचा क्रमांक, कलमे, न्यायालय, निकालाची तारीख आणि निकालाचे स्वरूप लिहिले, सोबत प्रथम खबर, दोषारोपपत्र आणि निकाल यांच्या प्रमाणित प्रती, तसेच पोलिसांचे दुसरे प्रमाणपत्र जोडले. निकालातल्या त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. आणखी एक वेगळे पान दिले, ज्यात घटनाक्रम तारखांनिशी आणि विशेषणांशिवाय लिहिला होता. अर्ज पाहणाऱ्या माणसाला चाळीस पाने चाळायला वेळ नसतो. त्याला एका पानात सगळे कळले तर तो निर्णय घ्यायला धजावतो. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून माझ्या वर्गातल्या इतरांना सनदा मिळाल्या त्यानंतर काही काळाने, थोड्या विचारणेनंतर, मलाही मिळाली.

चुलत भावाची वाट याहून अवघड निघाली. एका शासकीय खात्यात चालक पदासाठी त्याची निवड झाली. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, वाहन चालवण्याची परीक्षा, सगळे त्याने स्वतःच्या कष्टावर पार केले होते. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पूर्वचारित्र्य पडताळणीसाठी निवड झालेल्या उमेदवाराने भरायच्या नमुन्यात, अटक, खटला आणि शिक्षा यांविषयीचे प्रश्न होते. नमुना भरून देणाऱ्या केंद्रचालकाने सगळीकडे ‘नाही’ लिहिले आणि भावाने सही केली. त्याला अटक झालेली नव्हती, तो तुरुंगात गेलेला नव्हता. दंड भरणे म्हणजे शिक्षा, असे त्याच्या मनातच नव्हते. पडताळणीत पोलिसांनी दोषसिद्धीचा अहवाल दिला आणि त्याला कारणे दाखवा नोटीस आली: माहिती दडवल्याबद्दल निवड रद्द का करू नये.

नोटिशीचे उत्तर मी लिहिले. अशा उत्तरात सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल हा मुख्य आधार असतो. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठाने, आधीच्या निकालांतील परस्परविसंगती दूर करण्यासाठी, खात्यांनी काय पाहावे हे मुद्देनिहाय सांगितले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे हे तर पहिलेच सूत्र आहे. पण तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखे क्षुल्लक प्रकरण असेल, किंवा जो गुन्हा सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता असा किरकोळ गुन्हा असेल, तर माहिती न दिल्याची चूक खाते आपल्या अधिकारात माफ करू शकते. अर्जातला प्रश्न नेमका असला पाहिजे आणि जे नेमकेपणाने विचारले तेवढेच सांगणे बंधनकारक आहे, असेही त्यात म्हटले आहे. याच निकालाची दुसरी बाजू उमेदवारांना ठाऊक असली पाहिजे: सगळे खरे सांगितले तरीही पूर्वचारित्र्य तपासण्याचा खात्याचा अधिकार शिल्लक राहतो आणि नेमणूक द्याच, अशी सक्ती करता येत नाही. २०२२ च्या पवन कुमार प्रकरणात आणि २०२४ च्या रवींद्र कुमार प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितले की माहिती दिली नाही एवढ्याच कारणावरून यांत्रिकपणे नोकरी नाकारू नये. पदाचे स्वरूप, गुन्ह्याचे स्वरूप आणि उमेदवाराची परिस्थिती पाहावी.

आणखी एक निकाल मी जोडला, तो १९९६ चा. हरियाणातील एका कर्मचाऱ्याने भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ (सार्वजनिक जागी अश्लील वर्तन) खाली गुन्हा कबूल केला होता, त्याला २० रुपये दंड झाला होता आणि तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या गुन्ह्यात नैतिक अधःपतन नाही असे ठरवून त्याला दिलासा दिला, आणि संसदेला सुचवले की साधारण २,००० रुपयांपर्यंतच्या दंडाच्या शिक्षा सरकारी नोकरीच्या बाबतीत दोषसिद्धी मानल्या जाऊ नयेत, अशी तरतूद करावी. लोक हेलपाटे टाळण्यासाठी न केलेला गुन्हाही कबूल करून दंड भरतात, ही वस्तुस्थिती त्या निकालात नमूद आहे. ते वाचताना मला बाकावर बसलेले तात्या डोळ्यांसमोर आले. त्या सूचनेप्रमाणे सर्वसाधारण कायदा मात्र झालेला नाही.

खात्याने उत्तर फेटाळून निवड रद्द केली. आदेश दोन ओळींचा होता आणि त्यात आम्ही मांडलेल्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज केला. तिथे आमचा भर दया मागण्यावर नव्हता. आदेशात विचारच दिसत नाही, यावर होता. न्यायाधिकरणाने आदेश रद्द करून, अवतार सिंग निकालातील कसोट्या लावून आणि भावाला व्यक्तिशः म्हणणे मांडू देऊन सकारण निर्णय घ्यावा, असे खात्याला सांगितले. नोकरी मिळाली असे यातून होत नाही. निर्णय पुन्हा त्याच टेबलावर गेला आहे. तोवर भाऊ कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो आणि वयोमर्यादेचे महिने मोजतो.

त्या सुनावणीसाठीची कागदपत्रे आम्ही लावून ठेवली आहेत. दंडाची पावती आणि कबुलीच्या दिवसाच्या रोजनाम्याची प्रमाणित प्रत आहे. माझ्या आणि वडिलांच्या सुटकेचा निकाल आहे, कारण फिर्याद एकच होती आणि पुरावाही एकच होता. त्यानंतर त्याच्यावर एकही गुन्हा नसल्याचे चारित्र्य प्रमाणपत्र आहे. शिवाय १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांनी तो शेतरस्ता खुला करून दिल्याचा आदेश आहे. आणि मूळ फिर्यादींचे, म्हणजे वाट नांगरणाऱ्या त्या भावकीतल्या कुटुंबातील गृहस्थांचे, स्टॅम्प पेपरवरचे प्रतिज्ञापत्र आहे: रस्त्याचा वाद मिटला आहे, या मुलाबद्दल आमची काही तक्रार नाही आणि त्याला नोकरी मिळण्यास आमची हरकत नाही. ते द्यायला ते स्वतः तहसील कचेरीत आले आणि सही करण्यापूर्वी त्यांनी मला मजकूर दोनदा वाचून दाखवायला सांगितले.